यशस्वी आयुष्य कशाला म्हणायचं? वाटण्या आणि मृत्युपत्रं करणाऱ्या वकिलाचं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ चाळिशीच्या आतले, मूळचे खानापूर तालुक्यातले, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. स्वतःचा फ्लॅट, गाडी, दोन मुलं चांगल्या शाळेत. थोरला भाऊ गावी द्राक्षबाग आणि जनावरं सांभाळतो, आईवडील त्याच्याकडेच असतात. बहीण तासगावकडे दिलेली. वडील आता वाटणीचं बोलायला लागलेत. गावात सगळे यांना ‘पोरानं नाव काढलं’ म्हणतात आणि भावाला ‘मागं राहिला’ म्हणतात. ते लिहितात, ‘लोक म्हणतात तसं मला आतून यशस्वी वाटत नाही. तुम्ही रोज लोकांच्या आयुष्याचे हिशेब बघता. यशस्वी आयुष्य म्हणजे नक्की काय, ते अनुभवातून सांगा.’

मी सांगली जिल्ह्यात दिवाणी वकिली करते. विट्याचं कोर्ट, सांगलीत विजयनगरचं जिल्हा न्यायालय, आणि त्याहून जास्त वेळ दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर जातो. वाटणीपत्र, हक्कसोड (मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद), बक्षीसपत्र (हयातीतच मिळकत देऊन टाकल्याचा कागद), मृत्युपत्र हे रोजचं काम. अशा कामासाठी माणूस समोर बसला की मला दोन गोष्टी विचाराव्याच लागतात: मिळकत काय काय आहे, आणि ती आली कुठून. दुसरा प्रश्न कायद्यासाठी लागतो, कारण वडिलोपार्जित जमिनीत माणसाला फक्त आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं, स्वतः कमावलेल्याचं मात्र पूर्ण. पण ‘आली कुठून’ याचं उत्तर माणूस कसं देतो, ते ऐकता ऐकता मला त्याचं सगळं आयुष्य दिसतं. काहीजण एका वाक्यात सांगतात, ‘सगळं माझं मी केलं.’ काहींना सांगायला अर्धा तास लागतो, कारण मध्ये दहा माणसं येतात. इतकी वर्षं हे ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आपल्या कमाईला कुणाकुणाचे हात लागले हे ज्याला ठाऊक आहे, आणि ज्यानं त्यांचं त्यांना हयातीतच पोचतं केलं, त्याचं आयुष्य यशस्वी. मिळकत किती, हा पुढचा प्रश्न.

पण पैशाचं आधी बोलून घेऊ, कारण या विषयावर फार गुळमुळीत बोललं जातं. ‘समाधान हेच खरं यश’ असं म्हणणारी माणसं बहुधा पोट भरलेली असतात, आणि ते वाक्य दुसऱ्याला ऐकवत असतात. म्हातारपणी गुडघ्याच्या ऑपरेशनला पोरांच्या तोंडाकडे बघावं लागणं यात कसलंही समाधान नसतं. सोसायटीचं कर्ज थकलेलं, बाग अवकाळीनं गेलेली आणि पोरीचं लग्न तोंडावर आलेलं अशा घरात कोणी मला यशाची आध्यात्मिक व्याख्या विचारत नाही. पैसा लागतो. तो सचोटीनं मिळवणं हे मोठं काम आहे आणि तुम्ही ते केलंत, त्याचा संकोच बाळगू नका. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आपल्या भागातलं यश म्हटलं की मला आधी गलाईवाले आठवतात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा. पावसाचा भरवसा नाही म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. लांबच्या कुठल्या शहरातल्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, तापवत बसलेला विट्याकडचा माणूस भेटतोच. मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती, सगळं गाळून शुद्ध धातू काढायचा, तेजाबाचा धूर छातीत घ्यायचा आणि गावाकडं पैसे पाठवायचे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रोजगार हमीवर खडी फोडली, त्यांच्या घरातली पोरंही पुढं या वाटेनं गेली. आज त्या गावांतून फिरलात तर माळावर दुमजली बंगले दिसतात. बऱ्याच बंगल्यांना वर्षभर कुलूप असतं, जत्रेला आणि लग्नाला तेवढे उघडतात.

अशाच एका गलाईवाल्या आजोबांचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. दक्षिणेत एका शहरात दुकान, दोन्ही मुलं तिथंच. गावी आले होते ते मृत्युपत्र करायला, मुलांना बरोबर घेऊन. मी कागद पुढं ओढला आणि नेहमीसारखं विचारलं, घर कुणाला, दुकान कुणाला. ते म्हणाले, ‘वकीलबाई, आदी वैनीचं लिवा. मग घराचं बगू.’ वैनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, लवकर विधवा झालेली. हे परक्या मुलखात निघाले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. गाडीभाड्याला आणि तिथल्या शेठकडं पहिले काही दिवस काढायला पैसे नव्हते. वैनीनं पायातले चांदीचे तोडे काढून दिले होते. आजोबांनी ते तोडे मोडले, गेले, आणि सात-आठ वर्षांनी स्वतःची मूस मांडली. वैनीला गावातलं निम्मं घर त्यांनी आधीच बक्षीसपत्रानं करून दिलं होतं. आता मृत्युपत्रात त्यांना एवढंच घालायचं होतं, की आपल्या मागं तिचं औषधपाणी आणि दरमहाचा खर्च दुकानातून चालू राहावा, आणि ती जबाबदारी ज्याच्याकडं दुकान जाईल त्याची.

मी थोरल्या मुलाकडं बघितलं. अशा वेळी मुलांचे चेहरे बघायची मला सवय आहे. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदल नव्हता. तो म्हणाला, ‘आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय मॅडम, दुकान काकीच्या तोड्यावर उभं आहे.’ पुढचं सगळं काम तासाभरात झालं. कुणी कुणाला बाहेर बोलावून कुजबुजलं नाही. मिळकत कमी होती म्हणून नव्हे, ती चांगली होती. सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं म्हणून.

याच्या उलटही रोज बघते. दोन भाऊ, एक बाहेर कमावतो, एक गावी जमीन राखतो. बाहेरच्याच्या पैशानं जमीन घेतली जाते, कधी वडिलांच्या नावावर, कधी स्वतःच्या. पंधरा-वीस वर्षं कुणी काही बोलत नाही. मग वडील जातात, वारसनोंदीचा फेरफार निघतो आणि दावा उभा राहतो. दाव्यात आणि त्याला दिलेल्या उत्तरात, म्हणजे कैफियतीत, दोन्ही बाजूंनी एकच वाक्य असतं, की समोरच्यानं काहीही केलेलं नाही. बाहेरचा म्हणतो पैसा माझा, गावचा म्हणतो घाम माझा, आणि दोघांचंही खरं असतं. एका उलटतपासणीत गावच्या भावाला सातबाऱ्यावरच्या नोंदींचे प्रश्न विचारणं चाललं होतं. तो मध्येच म्हणाला, ‘गटाचं राहू द्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उठवत-बसवत कोण होतं, ते विचारा त्याला.’ कोर्टाला ते टिपून घेऊन काही उपयोग नव्हता, वाद जमिनीच्या गट नंबराचा होता. पण भांडण त्या एका गोष्टीचं होतं, आणि ते ऐकल्यावर समोरचा भाऊ खाली बघत राहिला. तीस गुंठ्यांसाठी माणसं वर्षानुवर्षं तारखा करतात ती निव्वळ जमिनीच्या लोभानं, असं मला वाटत नाही. आपलं कष्ट कुणी मानलंच नाही, हे माणसाला सहन होत नाही. पैशानं पुढं गेलेल्या माणसाच्या हातात हे मानणं असतं, आणि तेच तो करत नाही. मोठ्या बंगल्यावर मनाई हुकूम लागलेला बघितला की मला त्या माणसाच्या यशाबद्दल बोलवत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत असते, पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हा भाग सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. सरकारी मान त्यांना हयातीत फारसा मिळाला नाही, पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणानंतर आला. बाहेरून मोजायला गेलं तर या माणसाला जग खूप देणं लागत होतं. त्यांनी मात्र आपल्याकडचं देणं आधी फेडलं होतं.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बाबतीतही हाच धागा दिसतो. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढं साताऱ्याला बोर्डिंग चाललं. तिथल्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, आणि १९३० साली त्या गेल्या. संस्था वटवृक्षासारखी पसरलेली बघायला त्या नव्हत्या. पण रयतमाउली म्हणून त्यांचं नाव कर्मवीरांच्या बरोबरीनं घेतलं जातं, आणि ते तसं घेतलं जायलाच हवं. किती घरांत असं होतं? ‘साहेबांनी शून्यातून उभं केलं’ म्हणतात, तेव्हा त्या शून्यात बायकोचे दागिने, आईचं डेअरीला दूध घालणं, बहिणीनं दहावीनंतर सोडलेली शाळा हे सगळं असतं.

बहिणींबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण तुमच्या पत्रात बहीण एका ओळीत येऊन गेली.

हक्कसोडपत्राच्या दिवशी रजिस्टर ऑफिसात काय चालतं ते मी कायम बघते. बहिणींना सकाळी गाडी पाठवून आणलेलं असतं. नवी साडी, हातात पिशवी. फोटो निघतो, अंगठा उठतो, चहा होतो. कागदात काय आहे हे कितीतरी जणींना कुणी वाचून दाखवलेलं नसतं. माझ्याकडं काम असेल तर मी भावांना बाहेर थांबायला सांगते आणि बहिणीला एकटीला विचारते, ‘ताई, हे कशाचं आहे ठाऊक आहे का?’ एक बाई म्हणाल्या, ‘माहेर तुटू नये म्हणून सही करायची असते.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘विहिरीवरच्या आंब्याच्या दोन पाट्या तेवढ्या वर्षाला येऊ द्यात म्हणावं.’ कायद्यानं त्यांचा भावांइतका हिस्सा होता आणि त्या आंबे मागत होत्या.

कायदा स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच त्या दिशेनं दुरुस्ती केली होती. तरीही बहिणीनं हिस्सा मागितला की ती लोभी ठरते, आणि सोडला की ‘आमच्या बहिणी फार चांगल्या’. बहिणीनं स्वखुशीनं, सगळं समजून सोडला तर तो तिचा अधिकार आहे, मी असे कागद करून देते. पण जिच्या तोंडून ‘नको’ हा शब्द भीतीनं निघाला, तिच्या हिश्श्यावर उभं राहिलेलं भावाचं यश मला खोटं वाटतं. कितीही वर्षं गेली तरी ते त्याला कुठंतरी टोचत असतं, हे मी पन्नाशी-साठीच्या पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. आईच्या वर्षश्राद्धाला बहीण आली नाही, एवढंच सांगतात आणि गप्प होतात.

मुलांचं शिक्षण, परदेशातल्या नोकऱ्या, गावात नावाची कमान, याबद्दल मी फार लिहीत नाही. चांगल्या गोष्टी आहेत. माझ्या टेबलावर त्या कधी निर्णायक ठरल्या नाहीत.

आता तुमचं. तुमच्या भावाला गाव ‘मागं राहिला’ म्हणतं, पण त्याच्या दिवसाचा हिशेब एकदा मांडून बघा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असली की तो मध्यरात्री मोटर चालू करायला उठतो. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मध्ये डाऊनी रोग आला की दिवसाआड फवारणी, आणि माल तयार झाल्यावर व्यापाऱ्यानं पैसे बुडवायची भीती. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं म्हणून तालुका हिरवा झाला हे खरं, पण पाणी आपोआप द्राक्षं पिकवत नाही. यात आईवडिलांचा दवाखाना, पै-पाहुणा, भावकीतली लग्नं-मयतं, सगळीकडं घरातर्फे तोच उभा राहिलेला असणार. तुम्ही पुण्यात निर्धास्त काम करू शकलात, रात्री-अपरात्री गावाकडून फोन आला तरी ‘दादा आहे’ म्हणून झोपू शकलात, याची किंमत तुमच्या पगाराच्या स्लिपवर कुठं दिसत नाही. उलट बाजूनं, बागेच्या पहिल्या तारा-अँगलला किंवा बोअरला तुम्ही पैसे पाठवले असतील, ते दादानंही विसरू नये. तुम्हाला आतून यशस्वी वाटत नाही, त्याचं कारण मला यातच दिसतं. तुमचा हिशेब अर्धा मांडलेला आहे आणि तुम्हाला ते कळतंय. ही चांगली खूण आहे.

म्हणून वाटणीकडं संकट म्हणून बघू नका. वडील हयात असताना, सगळे धडधाकट असताना ती करता येतेय हे भाग्य आहे. पहिल्यांदा दादाशी एकट्यानं बोला, कागद न काढता. त्यानं काय केलं हे तुमच्या तोंडून, नाव घेऊन सांगा. आभार मानल्यासारखं नको, हिशेब सांगितल्यासारखं सांगा. पुढं वडिलांसमोर आणि आईसमोर तेच पुन्हा म्हणा, आणि जमलं तर भावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांसमोरही. गाव त्याला ‘मागं राहिला’ म्हणतं ते तुमच्या गप्प राहण्यामुळंही म्हणतं. समान वाटणी करायची की बागेचा जास्त वाटा त्याला द्यायचा, हे तुम्ही ठरवा. मी दोन्ही प्रकारच्या वाटण्या शांतपणे पार पडलेल्या बघितल्या आहेत. दादाला जास्त देणार असाल तर ते कारणासहित वाटणीपत्रात लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला ते फसवणूक वाटणार नाही. विहीर आणि वाट सामाईक ठेवणार असाल तर पाण्याच्या पाळ्या आणि वाटेची रुंदी कागदावर आणा. निम्मी भांडणं तिथंच जन्माला येतात.

बहिणीला बैठकीला बोलवा. निर्णय झाल्यावर सहीला बोलावू नका. तिच्या हिश्श्याचं काय करायचं ते तिला तिच्या नवऱ्यासमोर नव्हे, तुम्हा भावांसमोरही नव्हे, आईजवळ बसून आधी बोलू द्या.

वडिलांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा: सगळं आत्ताच मुलांच्या नावावर करून मोकळं होऊ नका. राहतं घर आणि दोघांच्या औषधपाण्याला पुरेल एवढं त्यांनी स्वतःच्या हातात ठेवावं, आणि त्याचं मृत्युपत्र करावं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, ते हिस्सा घेणारे नसावेत, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ते कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्रानं काही देणारच असतील तर सांभाळ करण्याची अट त्या कागदातच लिहावी. मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. तुमच्या घरात ती वेळ येईल असं मला वाटत नाही, तरी कागद नीट असलेला बरा.

सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येईल. त्याआधी मोजणी लागेल. तिचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात आत्ताच देऊन ठेवा, तारीख मिळायला वेळ जातो, आणि द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की दादाला मोजणीसाठी बांधावर उभं राहायला सवड होणार नाही.